उधारीचे प्रकरण

कोर्टातून घरी आल्यावर काळा कोट खुंटीला अडकवण्याच्या आत जो कोणी मला प्रश्न विचारतो, त्यास माझ्याकडून सरळ उत्तर मिळत नाही, हे आमच्या घरात सर्वांना ठाऊक आहे. माझी भाची मात्र हा नियम पाळीत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीतील एका संध्याकाळी मी उंबरठ्याशी वहाणा काढीत असतानाच तिने विचारले, “मामा, कॅपस्टोनला मराठीत काय म्हणतात?”

“कळस,” मी म्हणालो आणि आत गेलो.

चहा घेताना वकिली स्वभाव जागा झाला आणि आपले उत्तर तितकेसे बरोबर नव्हते असे वाटू लागले. भिंतीच्या किंवा कमानीच्या माथ्यावर शेवटी बसवावयाचा जो दगड, तो पाश्चात्त्यांचा कॅपस्टोन. आपल्या देवळांत शिखरावर आधी आमलक बसतो आणि त्यावर कलश चढतो. कलश चढेपर्यंत देवालय पुरे झाले असे आपण म्हणत नाही. कलशारोहणाचा मुहूर्त वेगळा काढतो, आणि वर्गणीही वेगळी गोळा करतो, हे ह्या मासिकाच्या वाचकांस मी सांगावयास नको. भाचीला इतके सगळे ऐकवले तेव्हा ती म्हणाली, “आमच्याकडे पायाच तीन वर्षे भरतोय, मामा. कळस कशावर ठेवू?”

ती धारची, म्हणजे भोजराजाच्या गावची. वास्तुशास्त्रावरचा ‘समरांगणसूत्रधार’ हा ग्रंथ ज्याच्या नावावर आहे, त्या राजाचे म्हणून मानले जाणारे सर्वांत मोठे देवालय भोपाळजवळ भोजपूर येथे आहे, आणि ते अपुरे आहे. आत प्रचंड शिवलिंग आहे, वर शिखर नाही. आसपासच्या खडकांवर कारागिरांनी कोरलेले आराखडे अजून दिसतात, आणि ज्या मातीच्या उतारावरून दगड वर ओढून नेले तो उतारही मागच्या बाजूस तसाच पडून आहे. देवळे पुरी झाली की असले उतार काढून टाकतात. भोजपूरचे देऊळ पुरे झाले नाही म्हणूनच ते कसे बांधीत होते हे आपणास कळते. भाची लहान असताना मी तिला तेथे नेले होते. तिला आठवते ते एवढेच, की तेथे तिची चप्पल हरवली.

तिची आई म्हणजे माझी धाकटी बहीण. ती धारला दिली आहे. आम्ही देवासचे. माझे पणजोबा कारवारच्या बाजूने नोकरीच्या शोधात निघाले ते देवासच्या थोरल्या पातीत हिशेबनीस म्हणून येऊन राहिले. १७२८ च्या सुमारास तुकोजी व जीवाजी ह्या दोघा पवार बंधूंना हा मुलूख मिळाला आणि पुढे एकाच गावात थोरली व धाकटी अशा दोन पात्या, दोन राजे, दोन दरबार असा प्रकार सुरू झाला. टेकडीवर देवीही दोन, तुळजाभवानी आणि चामुंडा. १९२१ साली इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर हे थोरल्या पातीच्या महाराजांचे खाजगी चिटणीस होते, आणि १९५३ साली त्यांनी ह्या गावावर एक पुस्तक प्रसिद्ध केले. दरबारच्या कारभारातील गोंधळाची जी वर्णने त्यात आहेत, ती वाचताना माझ्या पणजोबांविषयी मला थोडी काळजी वाटते. असो. घरात माझी आई अजून कोकणी बोलते, मी मराठी बोलतो, आणि भाची मराठीत सुरू करून हिंदीत वाक्य संपवते. पदवीच्या शिक्षणासाठी ती तीन वर्षे आमच्याकडे राहिली. शनिवारी इंदूरला बस बदलून धारला जावयाचे आणि सोमवारी पहाटे परतावयाचे, असा तिचा क्रम होता.

पदवी व्यवसाय प्रशासनाची. बीबीए म्हणतात ती. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा अंमल मध्य प्रदेशात २०२१-२२ पासून पदवी वर्गांना लागू झाला, तेव्हापासून विद्यार्थ्याने नुसते वर्गात बसून भागत नाही. क्षेत्रप्रकल्प, इंटर्नशिप असले काहीतरी त्याला करावेच लागते. २०२४-२५ पासून हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले. कल्पना चांगली आहे. तीन वर्षे जे पुस्तकात वाचले ते एखाद्या खऱ्या धंद्याला लावून पाहावे, त्याचा अहवाल लिहावा, आणि परीक्षकासमोर त्याचे समर्थन करावे. देवासला धंद्यांची वाणही नाही: येथे नोटांचा सरकारी छापखाना आहे, पंप होतात, गिअर होतात, औषधे होतात, सोयाबीनचे तेल निघते. धार जिल्ह्यात पिथमपूरची मोटारींची वसाहत आहे.

प्रत्यक्षात काय होते ते मला भाचीकडूनच कळले. झेरॉक्सच्या एका दुकानात तयार अहवाल मिळतात. कंपनीचे नाव, विद्यार्थ्याचे नाव आणि वर्ष बदलले की काम झाले. बांधणी आणि सोनेरी अक्षरे त्याच किमतीत. ज्यांना तेवढा खर्चही नको असेल ते चॅटजीपीटीला सांगतात आणि चहा निवेपर्यंत चाळीस पाने हाती येतात. कारखान्याचे प्रमाणपत्र ओळखीतून मिळते. तिच्या एका मैत्रिणीने ज्या कारखान्यात ‘पंचेचाळीस दिवस’ काम केले, त्याच्या फाटकातून ती दोनदाच आत गेली होती. एकदा अर्ज देण्यासाठी आणि एकदा प्रमाणपत्र आणण्यासाठी. अशा प्रत्येक अहवालाच्या तिसऱ्या पानावर विद्यार्थ्याचे प्रतिज्ञापन असते, की हे काम माझे स्वतःचे आहे व अन्यत्र कोठेही सादर केलेले नाही. दिवसातून दहा प्रतिज्ञापत्रे करून देणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला ह्याचे आश्चर्य वाटावयास नको होते. तरी वाटले.

भाचीने ह्या वाटेने न जाता आपल्या आजोबांचे दुकान निवडले. ह्यात तत्त्वनिष्ठा थोडी आणि सोय पुष्कळ होती, हे तिनेच कबूल केले. घरचे दुकान, तेव्हा प्रमाणपत्र घरचेच. बहिणीच्या सासऱ्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो. वय एक्याऐंशी. धारच्या बाजारपेठेत त्यांचे किराणा मालाचे दुकान त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून आहे. संस्थानी काळातल्या सगळ्यांत जुन्या वह्या मोडीत आहेत आणि त्या आता घरात कोणाला वाचता येत नाहीत. दर दिवाळीला वहीपूजनाच्या वेळी त्यांनाही हळदकुंकू लागते. अण्णांच्या स्वतःच्या वह्या बाळबोधीत आहेत: रोजमेळ आणि खतावणी, लाल कापडाच्या बांधणीत, एका अक्षराची खाडाखोड नाही. मेहुण्यांनी पाच वर्षांपूर्वी संगणक आणला. त्यावर जीएसटीचे तेवढे होते. उधारी अजून लाल वहीतच राहते.

“खेळते भांडवल” असा विषय तिने घेतला होता. पुस्तकात असे लिहिलेले असते, की किरकोळ व्यापाऱ्याची उधारी अमुक दिवसांत वसूल व्हावी. तिच्या पुस्तकातला आकडा पंचेचाळीस दिवसांचा होता. अण्णांच्या वहीतून तिने तीन वर्षांच्या नोंदी उतरून काढल्या तेव्हा सरासरी निघाली पाच महिन्यांच्या वर. प्रथम तिला वाटले, आपण बेरजेत चुकलो. मग तिने महिनावार तक्ता केला, आणि त्या तक्त्यात दोन उंचवटे दिसले: एक ऑक्टोबर-नोव्हेंबरात, दुसरा मार्च-एप्रिलात. माळव्यात सोयाबीन जूनअखेरीस पावसाबरोबर पेरतात आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास ते बाजारात येते. गहू-हरभरा होळीच्या आसपास निघतो. गिऱ्हाइके खेड्यांतली. पेरणीला हात रिकामा, तेव्हा तेल-मीठ-गूळ उधार. पीक विकले की चुकते. अण्णांची उधारी पंचेचाळीस दिवसांच्या घड्याळावर चालत नव्हती, पिकाच्या घड्याळावर चालत होती. हा शोध तिने मला फोनवर इतक्या मोठ्याने सांगितला, की न्यायालयाच्या व्हरांड्यात उभ्या असलेल्या माझ्या पक्षकारालाही तो कळला. तो शेतकरीच होता. “ह्यात नवीन काय?” असा त्याचा चेहरा होता.

नवीन होते ते पुढे. एकूण येणे ३ लाख ८६ हजार रुपये. त्यापैकी तीन वर्षांपूर्वीचे १ लाख ४२ हजार. हे कोणाकडून येणार? त्यांतले काही गाव सोडून पिथमपूरला कारखान्यात गेलेले, काही मेलेले. येथे तिने मामाकडे कायद्याचा सल्ला मागितला, आणि फुकट सल्ला देताना वकील जरा जास्तच सविस्तर बोलतो.

मुदतीच्या कायद्याप्रमाणे, १९६३ चा तो कायदा, विकलेल्या मालाच्या किमतीचा दावा तीन वर्षांच्या आत लावावा लागतो. ऋणकोने मुदत संपण्यापूर्वी लेखी कबुली दिली, किंवा काही रक्कम फेडून तशी सही केली, तर मुदत नव्याने सुरू होते. अण्णांच्या वहीत कोणाची सही नाही, अंगठा नाही. नुसती वही पुराव्यात येते, पण तिच्या एकटीच्या बळावर कोणावर बोजा ठरवता येत नाही; हा १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातला नियम १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. तेव्हा ते १ लाख ४२ हजार कायद्याच्या दृष्टीने गेले. मी असेही सांगितले, की मुदत संपल्याने दावा बुडतो, देणे बुडत नाही. ऋणकोने आपखुशीने फेडले तर ते परत मागता येत नाही, आणि जुन्या देण्याबद्दल नव्याने लेखी वचन दिले तर ते वचन बंधनकारक होते. ह्या भेदावर आमच्या महाविद्यालयात एक संपूर्ण तास गेला होता. तो अण्णांना दोन वाक्यांत कळलेला होता. भाचीने त्यांना विचारले, “आजोबा, ही नावे काढून टाकायची का?” तेव्हा ते म्हणाले, “मुदत तुझ्या मामाच्या कोर्टात असते. वहीत कुठे लिहिली आहे?”

आपल्या धर्मशास्त्रात पित्याचे ऋण फेडणे हे पुत्राचे कर्तव्य मानले होते, आणि ब्रिटिश अमदानीतल्या न्यायालयांनीही ते हिंदू कायद्याचा भाग म्हणून अमलात आणले. हिंदू उत्तराधिकार कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली, तेव्हा त्यानंतरच्या कर्जांपुरते ते कायद्यातून निघाले. केवळ त्या धार्मिक कर्तव्याच्या आधारावर मुलावर कोणताही दावा चालत नाही. योग्यच झाले, असे माझे वकील म्हणून मत आहे; बापाच्या कर्जापायी देशोधडीला लागलेली मुले मी पाहिली आहेत. परंतु मांडूच्या वाटेवरच्या गावांतून माणसे अजून येतात आणि “बापाच्या नावावर काय आहे ते बघा” म्हणून अण्णांसमोर उभी राहतात, हेही भाचीने डोळ्यांनी पाहिले. वर्षाला तीन-चारच येतात. त्या तीन-चारांसाठी अण्णा शंभर नावे पुढल्या वहीत उतरवून घेतात.

हा सगळा मजकूर तिने अहवालात एक प्रकरण म्हणून लिहिला. मार्गदर्शक प्राध्यापकांनी तो चाळला आणि विचारले, “सर्व्हे कोठे आहे?” त्या गृहस्थांना मी दोष देत नाही. त्यांच्याकडे साठ विद्यार्थी होते, आणि साठ अहवाल तपासावयाचे म्हणजे साच्याचा आधार लागतोच. साचा असा, की शंभर ग्राहकांच्या प्रश्नावल्या भरून घ्याव्यात, त्यांचे वर्तुळाकार आलेख काढावेत, आणि शेवटी दहा सूचना कराव्यात. सूचना आशादायक असाव्यात. उधारीचे प्रकरण वगळले तरी चालेल.

मार्चचे दोन आठवडे ती प्रश्नावल्या घेऊन अण्णांच्या दुकानात बसली. “आपण ह्या दुकानाच्या सेवेविषयी किती समाधानी आहात? अत्यंत, बऱ्यापैकी, सांगता येत नाही, असमाधानी, अत्यंत असमाधानी.” हे भिलालीत किंवा माळवीत कसे विचारावे, हे तिचे तिलाच माहीत. एका म्हातारीने सांगितले की तेल चांगले असते पण आजकाल येथे एक मुलगी बसते ती फार प्रश्न विचारते. तिला ‘बऱ्यापैकी समाधानी’च्या रकान्यात घालण्यात आले. होळीपूर्वीच्या भगोरिया बाजाराच्या दिवसांत दुकानात पाय ठेवावयास जागा नव्हती, आणि अशा वेळी प्रश्नावली कोण भरणार? शेवटी सदतीस भरल्या.

अहवाल देण्याच्या आदल्या दोन रात्री ती देवासला परत आली. जेवणे झाल्यावर माझ्या बैठकीच्या टेबलावर तिने कोऱ्या त्रेसष्ट प्रश्नावल्यांचा गठ्ठा ठेवला, आणि शेजारी पाच निरनिराळी पेने. काही न बोलता भरावयास सुरुवात केली. दहा वाजता आई येऊन पाहून गेली, “कितें गो बाये, इतल्या रातीं?” एवढेच तिने विचारले आणि निजली. साडेदहाला भाची म्हणाली, “मामा, माझे अक्षर सगळीकडे सारखे दिसते आहे. तू थोड्या भरशील?”

आणि मी भरल्या. हे लिहिणे मला सुखाचे नाही. मी खुर्ची ओढली, हिरवे पेन घेतले, आणि एका काल्पनिक शेतकऱ्याच्या वतीने ‘अत्यंत समाधानी’ वर खूण केली. दुसऱ्याला थोडा नाराज ठेवला, म्हणजे आलेख खरा वाटेल. खोट्या साक्षीदाराला किंचित विसराळू करावे, एवढे ज्ञान ह्या धंद्यात कोणालाही मिळते. सहावी प्रश्नावली भरीत असताना माझ्या ध्यानात आले, की मी हे काम पूर्वी एकदा केलेले आहे.

मी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असताना, २००३ साली, आम्हांला प्रत्यक्ष प्रशिक्षणाचा एक विषय होता. १९९७-९८ च्या सुमारास बार कौन्सिलने तो आणला. अभिरूप न्यायालयाला तीस गुण, दोन खटले प्रत्यक्ष पाहून त्यांची टिपणे लिहिण्यास तीस, अशिलाची मुलाखत व दाव्याची पूर्वतयारी ह्यांस तीस, आणि तोंडी परीक्षेस दहा. म्हणजे आमचाही तो कळसच. मी एक खटला पाहिला. दुसरा पाहिला नाही. एका वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्याच्या वहीवरून उतरवला, साक्षीदारांचे क्रम थोडे बदलून. तोंडी परीक्षेला एक निवृत्त न्यायाधीश आले होते. त्यांनी वही चाळली, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि एकच प्रश्न केला: “न्यायासनाकडे तोंड करून उभे राहिल्यास साक्षीदाराचा पिंजरा कोणत्या हाताला होता?”

“डाव्या,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, काही लिहिले, आणि मला जावयास सांगितले. गुण चांगले पडले. दोन वर्षांनी सनद घेऊन मी त्याच न्यायालयात पहिल्यांदा उभा राहिलो. पिंजरा उजव्या हाताला होता. तो कधी हलवला असेल, अशी मी बरेच दिवस आपली समजूत घातली. एकदा जुन्या शिरस्तेदारांना सहज विचारले. ते म्हणाले, इमारत बांधली तेव्हापासून तो तेथेच आहे. त्या न्यायाधीशांना हे ठाऊक होते काय? ठाऊक असावे. मग त्यांनी मला का सोडले, ह्याचा उलगडा मला आजवर झालेला नाही, आणि आता ते हयात नाहीत.

हे मी भाचीला त्या रात्री सांगितले. उपदेश करण्याचा माझा हेतू नव्हता. हातात हिरवे पेन घेऊन कोण उपदेश करणार? मी केवळ आठवण सांगितली. तिने ऐकून घेतले आणि विचारले, “म्हणजे हे पुढे बावीस वर्षे लक्षात राहते?” मी म्हणालो, रोज नाही, त्या न्यायालयात काम असले की राहते. तिने माझ्या सहा आणि स्वतःच्या चौदा प्रश्नावल्या एकत्र केल्या. फाडल्या नाहीत, मागची बाजू कोरी होती, तेव्हा आईला दूधवाल्याच्या हिशेबाला दिल्या. अजून त्यांतल्या काही स्वयंपाकघरात आहेत.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने अहवालाच्या मर्यादांच्या परिच्छेदात लिहिले, की शंभरांपैकी सदतीसच प्रश्नावल्या भरून मिळाल्या व त्या होळीच्या हंगामातल्या असल्याने वर्षभराच्या ग्राहकांचे प्रतिनिधित्व करीत नाहीत. उधारीचे प्रकरणही तिने ठेवले. मार्गदर्शकांनी सही केली. गुण कमी होतील, एवढे बजावून.

आमच्या घरावरून टेकडीकडे चालत गेले की वाटेत भानुकुल लागते. कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाने आजारी होऊन देवासला आले, आणि गाणे बंद असलेल्या त्या वर्षांत माळव्यातल्या बायकांची गाणी कान देऊन ऐकत राहिले; ती त्यांनी टिपून घेतली, आणि पुढे त्यांतून त्यांचे कितीतरी संगीत उभे राहिले. त्या वाटेने जाताना मला वाटले, हाही क्षेत्रप्रकल्पच. किती बायकांना विचारले हे मात्र कोणी त्यांना विचारले नाही. हा विचार मी भाचीला बोलून दाखवला तेव्हा तिने, कुमारांना बाहेरचा परीक्षक नव्हता, असे उत्तर दिले. ते बरोबर नाही. त्यांना परीक्षक पुष्कळ होते.

तिची तोंडी परीक्षा मे महिन्यात झाली. परीक्षकांनी सदतीसच का म्हणून विचारले; तिने कारण सांगितले. मग त्यांनी उधारीच्या प्रकरणातला तक्ता काढून, सोयाबीनचा भाव पडला त्या वर्षी काय झाले, असे विचारले. हे तिने पाहिले नव्हते, आणि तसे तिने सांगितले. शंभरांपैकी अडुसष्ट पडले. तयार अहवाल घेणाऱ्या मैत्रिणीला एक्याऐंशी. दोन दिवस आमच्याकडे दिवाणखान्यात कोणी मोठ्याने बोलले नाही.

परंतु खरी परीक्षा धारला होती. अहवालाच्या शेवटल्या प्रकरणात असे एक पान होते, की जे तिने मार्गदर्शकांना दाखवण्यापूर्वी मला दाखवले आणि अण्णांना मुळीच दाखवले नव्हते. दुकानाचा वर्षाचा नफा वहीप्रमाणे २ लाख ६४ हजार. जागा स्वतःची, म्हणून भाडे नाही. माणसे घरची, म्हणून पगार नाही. तिने जागेचे भाडे महिना आठ हजार धरले, बाजारात त्याहून कमी नाही. मेहुण्यांचा पगार महिना पंधरा हजार धरला, तेवढा पिथमपूरच्या गोदामातही मिळाला असता. दोन्ही मिळून २ लाख ७६ हजार. अण्णांच्या आणि माझ्या बहिणीच्या श्रमाचा एक रुपयाही न धरता बारा हजारांची तूट. ज्या दुकानाला घरात सारे लक्ष्मी म्हणतात, ते त्या घराच्या फुकट श्रमावर उभे आहे, हे तिने इंग्रजीत, कर्मणी प्रयोगात, अगदी निर्विकारपणे लिहिले होते. मेहुण्यांना हे ठाऊक होते असे मला वाटते. पन्नाशीच्या माणसाला आपल्या आयुष्याचा हिशेब अंदाजे ठाऊक असतो. मात्र मुलीच्या हातून तो छापून यावा, ही गोष्ट निराळी. दुकान बंद करून जागा भाड्याने द्यावी असे ते दोन वर्षे मनात घोळवीत होते, आणि अण्णांसमोर बोलण्याची त्यांची छाती होत नव्हती.

जूनच्या पहिल्या रविवारी मी तिच्याबरोबर धारला गेलो. जेवणानंतर अण्णा झोपाळ्यावर बसले, आणि तिने त्यांना अहवाल मराठीत वाचून दाखवावयास सुरुवात केली. मेहुणे दारात उभे होते. बहीण आत भांडी घासत होती, पण भांड्यांचा आवाज थांबला होता. तुटीचे पान आले तेव्हा भाचीचा आवाज बारीक झाला, तरी तिने एकही आकडा गाळला नाही. अण्णांनी पान संपू दिले. मग मेहुण्यांकडे पाहून म्हणाले, “पंधरा हजार कमी धरलेत.” आणखी काही बोलले नाहीत. मेहुणे आत निघून गेले. संध्याकाळी बापलेक बराच वेळ ओट्यावर बसलेले मी पाहिले. काय बोलले ते मी विचारले नाही, आणि दुकान आज हे लिहीत असेपर्यंत चालू आहे.

निघण्यापूर्वी अण्णांनी अहवाल मागून घेतला. इंग्रजी त्यांना फारसे येत नाही, आकडे येतात. एक्केचाळिसाव्या पानावरच्या तक्त्यावर त्यांचे बोट थांबले. त्यांनी लाल रोजमेळ काढली, चार पाने उलटली आणि भाचीला जवळ बोलावले. चैत्रात एका मृत गिऱ्हाइकाचा मुलगा बापाच्या खात्याचे दीड हजार देऊन गेला होता. रक्कम रोजमेळीत जमा होती, खतावणीत चढवावयाची राहिली होती. अण्णांच्या हातून राहिली होती. त्यामुळे तिच्या तक्त्यात जुने येणे दीड हजाराने जास्त आले होते.

“तुझी चूक नाही, माझी आहे,” ते म्हणाले. “पण कागद तुझा.”

मी म्हणालो, आता गुण लागून गेले, अहवाल विद्यापीठात जमा आहे, ही घरची प्रत आहे. त्यांनी माझ्याकडे लक्ष दिले नाही. भाचीने त्यांचे शाईचे पेन घेतले, १,४२,००० वर एक रेघ ओढून १,४०,५०० लिहिले, खालची बेरीज ३,८६,००० ची ३,८४,५०० केली, आणि पेन परत देऊ लागली. अण्णांनी ते घेतले नाही.

“खोडले तेथे सही,” ते म्हणाले. “दोन्हीकडे. आणि तारीख घाल.”

तिने दोन्हीकडे सही केली, तारीख घातली. अण्णांनी शाई वाळेपर्यंत पान उघडे धरून ठेवले.